एका डागाची दोन इंग्रजी नावं

केळीवरच्या एका डागाला मी इंग्रजीत चुकीचं नाव दिलं आणि त्यामुळे शोभाअक्कांच्या हातून पॅकिंगचं टेबल गेलं. शब्द चुकणं कोणाच्याही हातून होतं. पण तो चुकल्याचं मला त्याच मिनिटाला कळलं होतं आणि तरी मी गप्प बसलो. नुसता गप्पही बसलो नाही, वर एक खोटं बोललो. दिवाळी अंकात माणसं आपल्या कामातल्या गमती लिहितात. माझ्याकडेही पुष्कळ आहेत आणि त्या मी सांगणारच आहे, कारण शब्दांचा विषय निघाला की मला राहवतच नाही. पण हे आधी लिहून टाकल्याशिवाय त्या गमती सांगायला तोंड उघडवेना.

मी मूळ धुळ्याचा. इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आणि चोपड्यात एका औषधाच्या दुकानाच्या वर इंग्रजी बोलण्याचे क्लास काढले. ते बरे चालले होते. मग तालुक्यातली केळी थेट आखाती देशांत जायला लागली आणि बागायतदारांना तिकडून मेल, फोन, व्हॉट्सॲप यायला लागले. तेव्हा नानांनी मला बोलावलं. नाना म्हणजे आमच्याकडचे एक मोठे बागायतदार. त्यांचं स्वतःचं पॅकहाऊस आहे. म्हणाले, "सर, केळी आमची, इंग्रजी तुमची. जमतंय का बघा." जमलं. तेव्हापासून सकाळी क्लास आणि दुपारनंतर पॅकहाऊस, असा माझा दिवस ठरून गेला.

ज्यांनी पॅकहाऊस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठी पत्र्याची शेड. बागेतून घड येतात. ते गाद्यांवर झोपवून आणतात, बाळंतिणीला आणावं तसे. मग घडाच्या फण्या वेगळ्या करतात, पाण्याच्या हौदात चीक धुऊन काढतात, आणि त्या ओल्या फण्या एका लांब टेबलावर येतात. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या. कोणती फणी परदेशी जाणार, कोणती इथल्या बाजारात, हे तिथं ठरतं. मग वजन, खोकं, थंड खोली आणि शेवटी कंटेनर. टेबलावर काय झालं ते मालकाला आणि परदेशातल्या घेणाऱ्याला कळतं ते शब्दांतून, आणि ते शब्द लिहायचा मी.

आता गंमत ऐका. आपण म्हणतो 'माल तयार आहे.' तयार म्हणजे काय? इंग्रजीत त्याला एक शब्द आहे मॅच्युअर आणि दुसरा राइप. शब्दकोशात दोन्ही शेजारी बसलेले, अर्थ म्हणे पक्व. पण केळीत या दोन शब्दांच्या मध्ये अख्खा समुद्र आहे. मॅच्युअर म्हणजे घड भरलाय, केळ्यांचे कोन गोल झालेत, पण साल हिरवीगार. राइप म्हणजे पिवळं, सोलून खायचं. जहाजात चढायचं ते मॅच्युअर, आणि राइप व्हायचं तिकडं उतरल्यावर. एकदा शेजारच्या तालुक्यातला एक व्यापारी मोटारसायकलवर घामाघूम होऊन क्लासमध्ये शिरला. फळ्यावर माझी क्रियापदं चालू होती. त्यानं घेणाऱ्याला अभिमानानं कळवलं होतं, अवर बनानाज आर फुल्ली राइप. तिकडून धडाधड फोन. ते म्हणत, जहाज पोचेपर्यंत आम्ही काय शिकरण भरून घ्यायचं का? मी त्याच्या मोबाइलवर एक ओळ लिहून दिली, राइपच्या जागी मॅच्युअर वाचावे. उलट उत्तर आलं, थँक गॉड. त्या माणसानं संध्याकाळी क्लासच्या दारात अख्खा घड आणून टेकवला. पोरं आठवडाभर केळी खात होती आणि मी त्यांना म्हणत होतो, आता राइप झाली, खा.

अशी माझी चढती कमान. दुसरा किस्सा नानांच्या घरचा. परदेशी पाहुणे जेवायला होते. काकूंनी मन लावून शेवभाजी केली होती, रस्सा लालभडक. पाहुण्यांनी वाटीकडे बघून नानांच्या पुतण्याला विचारलं, इज इट हॉट? पुतण्या खुशीत म्हणाला, येस सर, व्हेरी हॉट, जस्ट नाऊ. त्याला वाटलं, गरम आहे का विचारतायत. इतक्या लांबून आलेल्या माणसाला गार कोण वाढेल? पाहुण्यांनी वाटी हळूच बाजूला सरकवली. काकू दारातून बघत होत्या, त्यांचा चेहरा पडला. मी मध्ये पडून सांगितलं की हॉट म्हणजे गरम, मसाला तसा बेताचा आहे. तेही पूर्ण खरं नव्हतं. पण पाहुण्यांनी वाटी पुसून खाल्ली, नाक पुसत पुसत, आणि पुन्हा मागितली. तिखट आणि गरम या दोन्हींना एकच शब्द वापरणारी भाषा जगावर राज्य करून गेली, याचं मला आजही नवल वाटतं.

आता शोभाअक्कांकडे येतो. अक्का जवळच्याच एका गावच्या. टेबलावरच्या बायकांच्या त्या प्रमुख. त्यांच्यासमोरून फणी गेली की त्या नुसतं बोट उचलत, आणि बोट कुठं उचललं यावरून ती फणी कुठं जाणार ते कळायचं. मी टेबलाजवळ गेलो की त्या मला सोडायच्या नाहीत. "सर, तुमनी इंग्रजीमा केळी गोड लागस का?" असं बायकांना हसवण्यासाठी मोठ्यानं विचारायच्या. रोज माझ्याकडून एक इंग्रजी शब्द घ्यायच्या आणि आपल्या पद्धतीनं वापरायच्या. 'ओके' त्यांनी चांगल्या फणीसाठी राखून ठेवला होता. दिवसभर टेबलावरून ओक्के, ओक्के असा घोष चालायचा. नाना पुढच्या हंगामासाठी दुसरा हॉल बांधत होते. तो हॉल अक्का चालवणार, हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. अक्कांनी तेव्हा पदर सारखा केला होता, एवढं मला आठवतं.

त्या वर्षी वारं फार सुटलं. केळीचं पान वाऱ्यात फाटतं आणि त्याच्या कडा कोवळ्या फळावर घासत राहतात. फळ वाढतं, साल भरून येते, पण तिथं वाळकी तपकिरी रेघ राहते. आत गराला काही होत नाही. त्या कंटेनरच्या मालात अशा रेघा दिसत होत्या. माल भरण्याआधी तिकडच्या कंपनीचा तपासनीस फोटो मागवायचा आणि मग फोनवर बोलायचा. माणूस नवा होता, फोटो आमच्याकडून धड गेले नव्हते. नाना शेजारी बसले, मी फोन स्पीकरवर टाकला.

त्यानं विचारलं, हे मार्क्स कशाचे? नाना म्हणाले, "सांगा त्यांना, वाऱ्याचे डाग आहेत. पानं घासलीत."

आणि इथं माझं डोकं चाललं. मी मनात म्हटलं, पान फळावर आपटलं, म्हणजे फळाला मार लागला, आणि मार लागल्याचा डाग म्हणजे ब्रूज. क्लासमध्ये मी हा शब्द तसाच शिकवत होतो, गुडघ्यावरच्या काळ्यानिळ्या डागाचं उदाहरण देऊन. मी ऐटीत सांगितलं, ड्यू टू विंड, देअर आर ब्रूझेस.

त्यानं विचारलं, "ब्रूज? ऑर स्कार?"

स्कार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर टाके घातलेला गाल आला. केळीला कोण टाके घालतंय? शिवाय नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "ब्रूज. येस. ब्रूज."

मग तो सावकाश, एकेक शब्द सोडून बोलला, आणि मला पायाखालची फरशी गार लागायला लागली. स्कार म्हणजे बागेतला डाग. वाऱ्याचा, पानाचा, किड्याचा. सालीवरचा, बरा झालेला. तो त्यांना थोड्या प्रमाणात चालतो. ब्रूज म्हणजे तोडल्यानंतर माणसाच्या हातून आपटून झालेला. आत गर सडतो. तो त्यांना अजिबात चालत नाही. म्हणजे डागाचं नाव सांगितलं की दोष कोणाचा तेही सांगून होतं. आपल्याकडे सगळ्याला डागच म्हणतात, कारण फणी समोर असते, बोट ठेवता येतं. फोनवर बोट ठेवता येत नाही. आणि मी माझ्या तोंडानं, दोनदा विचारल्यावर दोनदा, आमच्याच टेबलाकडे बोट दाखवलं होतं. शिक्षक म्हणून मला हा फरक इतका आवडला असता की मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिला असता. त्या मिनिटाला मात्र सॉरी, स्कार, एवढे दोन शब्द मी उच्चारले नाहीत.

"काय म्हणतायत?" नानांनी विचारलं.

मी म्हटलं, "साहेब म्हणतात, हे डाग वाऱ्याचे नाहीत. हाताळणीत मार लागलाय."

हे ते खोटं. साहेब तसं म्हणालेच नव्हते, मी म्हणालो होतो. नाना गोंधळले. त्यांनी समोर नमुन्याला ठेवलेली फणी उचलून उजेडात धरली, रेघेवरून अंगठा फिरवला. जन्म केळीत गेलेला माणूस, त्यांना दिसत होतं की ते काय आहे. पण ते म्हणाले, "त्यांच्याकडं यंत्रं असतील बुवा तपासायची." आणि फणी खाली ठेवली. माझ्या एका वाक्यानं त्यांनी स्वतःच्या अंगठ्यावरचा विश्वास काढून घेतला.

तपासनिसाची अट होती, त्या मालातली खोकी कंटेनरमध्ये घालायची नाहीत आणि टेबलावरची व्यवस्था बदलायची. नाना शेडमध्ये गेले. मी मागून गेलो. पाण्याच्या हौदाचा आवाज आणि ओक्के, ओक्के चालू होतं, ते हळूहळू थांबलं. नाना चिडके नाहीत, पण अट परदेशातून आलेली, त्यामुळे सगळ्यांसमोर बोलले. अक्का, तुमच्या टेबलावर माल आपटला गेला. अक्कांनी हात पुसले. "मन्हा टेबलवर एक बी फणी आपटनी नही, नाना." नाना म्हणाले, तिकडच्या साहेबांनी ओळखलंय. तेव्हा अक्कांनी माझ्याकडे बघितलं.

"सर, तुम्ही काय सांगं त्यासले?"

मी म्हटलं, जे नाना म्हणाले तेच.

दुसऱ्या दिवसापासून अक्का शेडच्या मागच्या बाजूला खोकी जोडायला बसल्या. काम सोडलं नाही. टेबल दुसऱ्या बाईकडे गेलं आणि नव्या हॉलचं नावही त्यांच्यापुढे कोणी काढेना. मी तिकडून गेलो की त्या मान वर करत नसत. मला कोणी इंग्रजी शब्द विचारत नव्हतं. मी स्वतःला समजावत होतो, हंगाम संपेल, नाना विसरतील, आपोआप सगळं जागेवर येईल. क्लासमध्ये मी तेव्हा समानार्थी शब्दांचा धडा टाळून पुढे गेलो. पोरांना वाटलं, परीक्षेत येत नसेल.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर कळलं की तपासनीस स्वतः येणार आहे. सगळ्या पॅकहाऊसमध्ये उत्साह शिरला. शेडला रंग, हौदांची घासाघीस, नव्या हॉलचं उद्घाटन त्याच दिवशी. मलाही चढलं होतं. फोनवरचा माणूस प्रत्यक्ष भेटणार, मी काय बोलायचं त्याची आरशासमोर तयारी करत होतो. नानांनी मला लॅपटॉपसमोर बसवलं आणि म्हणाले, मेल लिहा. तुमच्या सूचनेप्रमाणे जबाबदार बाईला टेबलावरून काढलं म्हणून कळवा.

मी टाइप केलं, द रिस्पॉन्सिबल वुमन हॅज बीन रिमूव्ह्ड. आणि वाचलं.

इंग्रजीची ही एक विलक्षण खोड आहे. पर्सन रिस्पॉन्सिबल म्हटलं तर दोष असलेली व्यक्ती. तोच शब्द उचलून पुढे ठेवला, रिस्पॉन्सिबल पर्सन म्हटलं, की जिच्यावर डोळे मिटून काम सोपवावं अशी व्यक्ती. मी घाईत दुसरं लिहिलं होतं. पडद्यावर लिहिलं होतं की आमच्याकडची भरवशाची बाई आम्ही काढून टाकली. व्याकरण चुकलं होतं आणि वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी ते दुरुस्त करायला बोट उचललं आणि बोट खाली येईना. इतके दिवस जे दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम वर आलं. आणि त्याबरोबर, खोटं सांगणार नाही, एक आनंदही. आता सुटणार, असा.

मी लॅपटॉप मिटला आणि नानांना सगळं सांगितलं. ब्रूज, स्कार, फोनवर तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं.

नाना म्हणाले, "म्हणजे साहेब तसं म्हणालेच नव्हते?"

"नाही."

"मग मी अक्काला कोणाच्या तोंडानं बोललो?"

त्यांनी मला काढून टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त फोन पुढे सरकवला. मी नानांसमोर तपासनिसाला सांगितलं, मागच्या हंगामातले डाग स्कार होते, चूक माझी. तो हसलाच. म्हणाला, मलाही फोटो बघून शंका होती, पण तू दोनदा सांगितलंस. मग म्हणाला, टेबलावर जुनीच माणसं असू द्या. एवढं सोपं होतं.

नानांनी दुसऱ्या दिवशी अक्कांना बोलावून सांगितलं, आजपासून टेबल तुम्हीच बघा, नवा हॉलही तुमचाच. कारण काही सांगितलं नाही. मालकाला सगळ्यांसमोर आपली चूक सांगणं जड जातं, आणि मला त्यांच्याकडून तशी अपेक्षा करायचा अधिकारच नव्हता. आजही नवा हॉल अक्काच चालवतात, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला काळजी नको. मला वाटलं, झालं, सगळं जागेवर आलं. मी पुन्हा टेबलाजवळून फिरायला लागलो. पण ओक्केचा घोष काही सुरू झाला नव्हता.

मग अक्कांनीच मला हौदापाशी गाठलं. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या की बायका कुजबुजतात. कोणी म्हणतं, नानांच्या पाया पडून टेबल परत मिळवलं. कोणी म्हणतं, नानांना दया आली. आणि पुढं जे म्हणाल्या, ते मी शब्दशः लिहितो: "टेबल परत भेटनं, सर. नाव नही भेटनं."

मी तिथंच म्हणून टाकलं, अक्का, झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.

"म्हंजे?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच तो शब्द माहीत नव्हता, आणि मी समजावून द्यायला लागलो तेव्हा मलाच त्यात काही सापडेना. हजारो मेलमध्ये मी वुई रिग्रेट लिहिलं आहे. रिग्रेट आणि अपॉलजाइज हे शब्दकोशात भाऊ-भाऊ. पण रिग्रेट पाऊस पडल्याबद्दलही करता येतो. गाडी उशिरा आली, आम्हाला खेद आहे. त्यात कोणी काही केलेलं नसतं. अपॉलजाइज म्हणायला आधी म्हणावं लागतं, हे मी केलं. माझी दिलगिरी पहिल्या जातीची होती. अक्का वाट बघत उभ्या होत्या, हातातून पाणी निथळत होतं. त्या म्हणाल्या, जे सांगायचं ते बायकांच्या पुढ्यात सांगा, मला एकटीला नको.

दुपारच्या सुटीत बायका डबे घेऊन टेबलाभोवतीच बसतात. मी गेलो. नानाही आले, मी बोलावलं नव्हतं, ते दारात उभे राहिले. मी शुद्ध मराठीत चार वाक्यं पाठ करून आलो होतो. तोंड उघडलं आणि ती सगळी गेली. धुळ्यात लहानपणी आईशी जी अहिराणी बोलायचो, आणि सर झाल्यापासून जी मी कोणासमोर काढली नव्हती, तीच बाहेर आली.

"बठ्ठीजणी ऐका. केळीवर वारानाच डाग व्हता. फोनवर साहेबले मारना डाग शे असं मीच सांगं. आनि नानाले खोटं सांगं, का साहेबच तसं म्हणतस. अक्काना टेबलवर एक बी फणी आपटेल नव्हती. अक्कानी कोनापुढे हात जोडात नही, कोनी दया करी नही. चूक मन्ही व्हती आनि माले तवयच समजेल व्हतं, तरी मी गप ऱ्हायनू. अक्का, माले माफ करा."